टूर द फ्रान्स रस्त्याच्या कडेने पाहण्यासाठी गोव्याहून प्रथमच निघणाऱ्यांना

जुलैत गोव्यात पाऊस धरून बसलेला असतो, चोर्ला घाट धुक्यात बुडालेला असतो आणि आपल्याकडच्या सायकलस्वारांचे बहुतेक रविवार घरीच जातात. नेमक्या त्याच दिवसांत फ्रान्समध्ये टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत चालू असते. तेथील घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्याने दिवसाचा टप्पा संपतो तो आपल्या रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास, म्हणजे बरोबर जेवणाच्या वेळी. अनेक वर्षे ही शर्यत मी अशीच ताट समोर घेऊन पाहिली आणि २०२२ साली धाकट्या भावाबरोबर ती प्रत्यक्ष रस्त्यावर उभे राहून पाहिली. त्यानंतर फोंडा, म्हापसा, डिचोली अशा ठिकाणच्या मित्रांनी वेळोवेळी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे येथे क्रमाने लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. या शर्यतीला तिकीट नाही. डोंगरातल्या रस्त्यावर जो आधी पोहोचेल, त्याची जागा. मात्र या फुकटच्या जागेची किंमत वेळेत मोजावी लागते. सपाट रस्त्यावर अख्खा जथा अर्ध्या मिनिटात डोळ्यांसमोरून निघून जातो आणि त्यासाठी चार-पाच तास ताटकळावे लागते. ज्याला तेवढे ताटकळणे सोसत नाही त्याने घरी टीव्हीवरच पाहावे, कारण शर्यतीचा डाव तेथे अधिक चांगला कळतो. रस्त्यावर जायचे ते दिवसभर त्या रस्त्याच्या काठी राहण्यासाठी. आषाढात पालखीच्या वाटेवर सकाळपासून जागा धरून बसणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पहिले काम टप्पे निवडण्याचे

१९०३ साली सुरू झालेली ही शर्यत आता २१ टप्प्यांची असते. ती २३ दिवस चालते, त्यांतले दोन दिवस विश्रांतीचे असतात आणि एकूण अंतर साधारणपणे ३,३०० ते ३,५०० किलोमीटर भरते. पुढच्या वर्षीचा मार्ग आदल्या ऑक्टोबरात जाहीर होतो. तो जाहीर झाला की नकाशा पुढ्यात घेऊन बसावे आणि संपूर्ण शर्यतीच्या मागे धावण्याचा मोह त्याच दिवशी सोडावा. आम्ही प्रथम आखलेल्या बेतात दहा दिवसांत सात टप्पे होते. तो बेत वेळापत्रकांशी ताडून पाहिला, तेव्हा निम्मे दिवस रेल्वे आणि बस यांतच जाणार असल्याचे दिसले. शेवटी आम्ही आल्प्स हा एकच डोंगराळ भाग धरला आणि तीन टप्प्यांवर समाधान मानले. प्रथमच जाणाऱ्याने याहून अधिक टप्पे घेऊ नयेत असे माझे ठाम मत आहे.

हे तीन टप्पे एकाच प्रकारचे नसावेत. एक चढाचा टप्पा हवाच, कारण चढावर सायकलस्वारांचा वेग कमी होतो, ते लहान लहान गटांत विखुरतात आणि पाऊण तासभर कोणी ना कोणी समोरून जात राहते. दुसरा, जमल्यास, वैयक्तिक वेळेच्या शर्यतीचा घ्यावा. त्यात एकेक स्वार मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतो, त्यामुळे एका जागी उभे राहून प्रत्येकाला तोंडाने ओळखता येते आणि नवख्या प्रेक्षकाचा त्याइतका अभ्यास दुसऱ्या कशाने होत नाही. तिसरा दिवस एखाद्या टप्प्याच्या सुरुवातीच्या गावात घालवावा. तेथे संघांच्या बस ओळीने उभ्या असतात, यांत्रिक कारागीर सायकलींच्या साखळ्या पुसत असतात, स्वार मंचावर येऊन हजेरीची सही करतात, आणि शेवटच्या रेषेवर ज्यांची पाठसुद्धा दिसणार नाही ते लोक तेथे हाताच्या अंतरावर असतात.

ज्यांना जुलैत सुट्टी मिळत नाही त्यांनी इटलीची जिरो मे महिन्यात आणि स्पेनची व्हुएल्ता ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते हे लक्षात ठेवावे. तेथेही डोंगर तेवढेच मोठे आणि गर्दी त्या मानाने कमी. महिलांची टूर द फ्रान्स २०२२ पासून नव्याने सुरू झाली असून ती पुरुषांची शर्यत संपल्यावर लगेच किंवा थोड्या दिवसांत असते, तेव्हा सुट्टी थोडी पुढे सरकवली तर तीही पाहता येते आणि ती पाहावीच. गोव्यातल्या पुष्कळ घरांचे कोणी ना कोणी पोर्तुगालमध्ये असते. त्यांच्यासाठी १९२७ पासूनची पोर्तुगालची स्वतःची शर्यत, ‘व्होल्टा’, हा फार चांगला पर्याय आहे. ती बहुधा ऑगस्टमध्ये होते, तिच्यातील सेन्होरा द ग्रासाचा चढ प्रसिद्ध आहे, आणि राहायला नात्यातले घर असले की निम्मा खर्च वाचतो.

कागदपत्रे आणि मुक्काम

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा तो १५ दिवस आधी द्यावा लागतो. पण मे-जूनमध्ये भेटीच्या वेळा भराभर संपतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज करावा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे. पारपत्र परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. अनेक देशांत फिरणार असाल, तर ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. मुक्कामाचे पुरावे अर्जासोबत द्यावे लागतात, म्हणजे व्हिशाच्या आधी खोली ठरवणे आले. रद्द करता येईल अशीच खोली घ्यावी.

खोलीच्या बाबतीत उशीर करू नये. टप्प्याच्या गावातील आणि आसपासची हॉटेले संघ, पत्रकार आणि शर्यतीचे कर्मचारी यांनी भरून जातात, आणि जी उरतात त्यांचे दर आपल्याकडच्या डिसेंबर अखेरच्या कळंगुटची आठवण करून देतात. रेल्वेची चांगली सोय असलेले एक मोठे शहर मुक्कामाला धरावे. आल्प्ससाठी ग्रनोबल आणि पिरेनीजसाठी पो ही अशी शहरे आहेत. मात्र चढाच्या टप्प्याच्या आदल्या रात्री डोंगराच्या पायथ्याशीच असले पाहिजे, कारण शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद होतात आणि नेहमीच्या बस त्या दिवशी धावतीलच असे नाही. ग्रनोबलपासून सुमारे ५० किलोमीटरवरील बुर द्वाझाँ या गावात आम्ही तंबूच्या मैदानावर दोन रात्री काढल्या. तंबू घरूनच नेला होता. तेथून आल्प द्युएझच्या चढाचे पहिले वळण पायी गाठता येते.

गाडी भाड्याने घेण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. उंच खिंडींचे रस्ते वाहनांना फार आधी, कधी कधी आदल्या दिवसापासूनच बंद करतात. पायी जाणारे आणि सायकलवरचे लोक त्यानंतरही बराच वेळ वर जाऊ शकतात. म्हणून पाय किंवा सायकल हेच खरे वाहन. पायथ्याच्या गावांत भाड्याने उत्तम सायकली मिळतात. चोर्ला घाट किंवा अनमोड घाट न थांबता चढणाऱ्याला आल्प द्युएझ जमण्यासारखा आहे, फक्त तो १३.८ किलोमीटरभर सरासरी आठ टक्क्यांनी चढतच राहतो, मध्ये दम घ्यायला उतार मिळत नाही, हे ओळखून सुरुवातीला हात राखून चालवावे.

सामान

हवामान एकाच दिवसात दोन ऋतू दाखवते. खोऱ्यात ३५ अंशांची ऊन-काहिली असते आणि त्याच दुपारी खिंडीत गारा पडू शकतात. रुंद कडेची टोपी, सनस्क्रीन, पातळ पण वारा अडवणारे जाकीट, बसायला घडीची चटई आणि माणशी तीन लिटर पाणी एवढे हवेच. आपण गोव्याच्या उन्हात वाढलेले, आपल्याला काय होणार, असे समजू नये. तेथील कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही आणि तहान उशिरा कळते. भावाला दुपारी दोनच्या सुमारास डोके जड होऊन मळमळू लागले, तेव्हा शेजारच्या वृद्ध फ्रेंच दांपत्याने आपल्या छत्रीखाली त्याला जागा दिली आणि ओल्या रुमालाने त्याची मान पुसली. त्या माउलीचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

खाण्याचे पदार्थ नेताना एक नियम सांभाळावा लागतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे पेढे, बर्फी, खव्याचे काहीही घरीच ठेवावे. याउलट खाजे, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले चणे हे दिवसभर टिकतात, उन्हात वितळून जात नाहीत आणि उभ्याउभ्या खाता येतात. जत्रेतल्या पिशवीतले खाजे आल्पच्या वळणावर शेजाऱ्यांना वाटले, तेव्हा आल्याच्या चवीने एका मुलाचे डोळे मोठे झाले आणि त्याने पुन्हा हात पुढे केला. पाव, फळे आणि चीज पायथ्याच्या गावात आदल्या दिवशीच घ्यावे. १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन असतो आणि त्या दिवशी पुष्कळ दुकाने बंद असतात.

मोबाइलवर फार विसंबू नये. हजारो लोक एका डोंगरावर जमले की नेटवर्क कोलमडते. टप्प्याचे छापील वेळापत्रक जवळ ठेवावे. त्यात प्रत्येक गाव आणि खिंडीपुढे तीन वेगवेगळ्या सरासरी वेगांनुसार अपेक्षित वेळा दिलेल्या असतात, शिवाय प्रचार-ताफा, म्हणजे स्वारांच्या आधी येणाऱ्या पुरस्कर्त्या कंपन्यांच्या गाड्या, कधी येणार हेही असते.

जागा कशी धरावी

शेवटच्या रेषेजवळ उभे राहण्याची इच्छा सर्वांनाच होते आणि बहुतेकांची तेथे निराशा होते. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, त्यांमागे पाच-पाच रांगा, आणि स्वार उभ्याने जोर लावून झर्रकन निघून जातात. त्यापेक्षा चढाचा सर्वांत तीव्र भाग शोधावा. आल्प द्युएझवर २१ वळणे असून त्यांचे क्रमांक खालून वर उतरत जातात. प्रत्येक वळणावर तेथे जिंकलेल्या स्वाराच्या नावाची पाटी आहे. १९५२ साली टूर येथे पहिल्यांदा आली, तेव्हा फाउस्तो कोप्पी जिंकला होता. क्रमांक ७ चे वळण नेदरलँड्सच्या लोकांचे. नारिंगी कपडे, ढोल, रात्रभर गाणी असा तेथे मोठा जल्लोष असतो. तो पाहायला जरूर जावे, पण लहान मुले बरोबर असतील किंवा शर्यत नीट पाहायची असेल तर तेथे थांबू नये. पायथ्यापासून ला गार्द या वस्तीपर्यंत, म्हणजे साधारण सोळाव्या वळणापर्यंत, चढ दहा टक्क्यांच्या वर आहे आणि तेथे कठडेही नसतात. आमची जागा तेथेच होती.

वळणाच्या बाहेरच्या कडेपेक्षा आतल्या बाजूच्या उंचवट्यावर बसावे. तेथून खालचा रस्ता दिसतो, येणारा गट दोन वळणे आधीच टिपता येतो आणि वाहनांचा धोका राहत नाही. सावली कोणत्या वेळी कोठे सरकेल याचा अंदाज सकाळीच घ्यावा. दुपारनंतर जागा बदलता येत नाही.

दिवस कसा उलगडतो

२०२२ च्या १४ जुलैचा टप्पा ब्रियाँसोंहून सुटून गालिबिये आणि क्र्वा द फेर या खिंडी ओलांडत आल्प द्युएझवर संपणारा, १६५ किलोमीटरचा होता. आम्ही सकाळी आठला वर चढायला लागलो. तेव्हाही रस्ता सायकलवाल्यांनी भरला होता. बाप-मुलगी जोडसायकलवर, सत्तरीचे आजोबा, पायात चपला घातलेला एक तरुण, सगळे त्याच चढावर, ज्यावर दुपारी जगातले उत्तम स्वार येणार होते. लोक रस्त्यावर चुन्याने आणि रंगाने आवडत्या स्वारांची नावे लिहीत होते.

स्वारांच्या सुमारे दोन तास आधी प्रचार-ताफा येतो. ही १९३० पासूनची प्रथा आहे. पुरस्कर्त्या कंपन्यांच्या सजवलेल्या गाड्या, त्यांवर प्रचंड आकाराच्या प्रतिकृती, गाणी, आणि गाडीतून भिरकावल्या जाणाऱ्या टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, गोळ्या-बिस्किटे. पणजीत शिगम्याचे चित्ररथ ज्याने पाहिले आहेत त्याला हे दृश्य आपलेच वाटेल. ताफा सरायला अर्धा तास सहज लागतो. वस्तू उचलताना रस्त्यावर धाव घेऊ नये आणि मुलांचा हात सोडू नये, कारण गाड्या थांबत नाहीत. शाकाहारी लोकांनी लहान पाकिटे फोडण्यापूर्वी वाचावीत, त्यांत डुकराच्या मांसाचे सुके सॉसेजही असते.

मग एक लांबलचक शांतता पसरते. ती संपते ती आधी आकाशात. हेलिकॉप्टरचा आवाज खोऱ्यातून वर येऊ लागतो आणि सगळा डोंगर उठून उभा राहतो. पाठोपाठ पोलिसांच्या मोटरसायकली, मग शर्यतीच्या संचालकांची लाल गाडी. ती दिसली की पहिला स्वार जवळ आला असे समजावे. आमच्या वळणावर प्रथम पाच जणांचा गट आला. त्यात टॉम पिडकॉक होता, ज्याने पुढे वर एकट्याने मुसंडी मारून टप्पा जिंकला. हे आम्हाला शेजाऱ्याच्या रेडिओवरून नंतर कळले. आम्ही पाहिले ते निराळेच. एका स्वाराच्या हनुवटीवरून घामाचा थेंब सुटून नळीवर पडला. टायर तापलेल्या डांबरावर बारीक चिकट आवाज करत होते आणि गर्दीच्या आरोळ्यांखालून श्वासांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. टीव्हीवर हा आवाज कधी येत नाही.

काही मिनिटांनी पिवळी जर्सी घातलेला योनास विंगेगार्ड आणि त्याच्या चाकाला चिकटून तादेय पोगाचार आले. एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी १९१९ पासून आहे. हिरवी गुणांसाठी, पांढऱ्यावर लाल ठिपके असलेली चढाईसाठी आणि पूर्ण पांढरी तरुण स्वारांतील पहिल्यासाठी असते. एवढे चार रंग घरून पाठ करून जावे, म्हणजे गोंधळ होत नाही.

यानंतर बरेच प्रेक्षक सामान आवरू लागतात. कृपा करून तसे करू नका. अर्ध्या तासाहून अधिक वेळाने मागचे गट येतात. सपाट रस्त्यावर जिंकणारे वजनदार स्वार, नेत्यांसाठी दिवसभर वारा अंगावर घेणारे साहाय्यक, आदल्या दिवशी पडून हाता-पायांना पट्ट्या बांधलेले लोक. विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के वाढवून काढलेल्या मुदतीत त्यांना वर पोहोचावेच लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी शर्यतीत जागा नसते. म्हणून ते एकमेकांना धरून, हिशेबाने चढत असतात. त्यांच्याशी डोळे भिडतात. “आले, आले” ही फ्रेंच हाक आणि आपले “आले रे आले” यांत कानाला फार फरक नाही, त्यामुळे आम्ही मोकळ्या गळ्याने ओरडलो आणि एका स्वाराने मान किंचित हलवून दाद दिली. माझ्या लेखी त्या दिवसाचा तो सर्वांत मोठा क्षण होता.

रस्त्यावरची शिस्त

हा भाग मी पोटतिडकीने लिहीत आहे. जगातल्या दुसऱ्या कोणत्या मोठ्या खेळात प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये काहीही नसते असे क्वचितच घडते. तो विश्वास मोडला की काय होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. २०१६ साली माँ व्हाँतूवर गर्दीमुळे मोटरसायकल अडली, मागचे स्वार तिच्यावर आदळले आणि पिवळ्या जर्सीतील ख्रिस फ्रूमला सायकलविना चढावर धावावे लागले. २०१८ मध्ये आल्प द्युएझवरच विन्चेन्झो निबाली गर्दीच्या अरुंद वाटेत पडला, त्याच्या मणक्याचे हाड मोडले आणि त्याची शर्यत संपली. २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याकडे पाहत पुठ्ठ्याचा फलक रस्त्यावर धरणाऱ्या एका प्रेक्षकामुळे जथ्यातले डझनावारी स्वार कोसळले.

म्हणून स्वार येत असताना त्यांच्याकडे पाठ कधीही करू नये. सेल्फी तर मुळीच काढू नये. मोबाइल छातीशी धरावा, हात लांब करून नव्हे, कारण पडद्यात पाहताना अंतर कळत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळावा. तिरंगा जरूर न्यावा, पण लांब काठी नको आणि रस्त्यावर फडकवणे तर नकोच, कापड हँडलमध्ये अडकते. स्वारांबरोबर धावू नये, त्यांना ढकलू नये, अंगावर पाणी ओतू नये. ज्याला हवे तो स्वतः मागतो. रिकामी बाटली प्रेक्षकांकडे टाकली गेली तर ती घरी जपून ठेवण्यासारखी आठवण आहे, परंतु सगळ्या गाड्या जाईपर्यंत ती उचलायला वाकू नये. एका स्वारामागून दुसरा, त्यामागून संघाची गाडी, मग मोटरसायकल, असे काही ना काही येतच असते.

परत उतरताना

सर्वांत शेवटी झाडूगाडी, म्हणजे शर्यत सोडलेल्यांना उचलणारी गाडी येते आणि तिच्यामागून समाप्तीची पाटी लावलेले वाहन. ते गेल्याशिवाय रस्त्यावर पाय ठेवू नये. ते गेल्यावरही लगेच उतरू नये, कारण वरून हजारो सायकली एकदम सुटतात आणि त्यांतल्या अनेकांचे ब्रेक तापलेले असतात. पाऊण तास थांबावे, भोवतालचा कचरा पिशवीत भरावा आणि मग डोंगराच्या बाजूने, एका ओळीत चालत खाली यावे. काळोख पडायला जुलैत रात्रीचे साडेनऊ-दहा होतात, त्यामुळे घाईचे कारण नसते. आम्ही बुर द्वाझाँला पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते, तंबूशेजारच्या नळावर रांग होती, आणि ज्या दांपत्याने भावाला सावली दिली ते त्याच रांगेत आमच्या पुढे उभे होते. उरलेले खाजे त्यांना दिले.